जुनी गाडी घेताय? वॉरंटी आणि सर्व्हिस हिस्ट्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात जुनी चारचाकी घ्यायला निघालेली बहुतेक मंडळी आधी मॉडेल, रंग आणि किंमत बघतात. वॉरंटी आणि सर्व्हिसिंगचे प्रश्न टोकन देऊन झाल्यावर पडतात, आणि तेव्हा मागे फिरणं अवघड होतं. म्हणून सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं खासगी वापराच्या गाड्यांपुरती आहेत.

“वॉरंटी शिल्लक आहे” आणि “गाडी कंपनी मेंटेन आहे” (म्हणजे सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरला झालंय) यातलं जास्त महत्त्वाचं काय?

दुसरं, पण ते कागदावर सिद्ध झालं तरच. पुढे काही बिघडलं तर पैसे कोण देणार, हे वॉरंटी सांगते. गाडी आजवर कशी सांभाळली गेली, हे हिस्ट्री सांगते. शिवाय वॉरंटीचा क्लेम आला की कंपनी आधी सर्व्हिसिंगच्या नोंदी उघडते. नोंदींत खंड असेल तर वॉरंटीचा कागद हातात असूनही क्लेम अडतो. वर्षभराच्या वॉरंटीकडे बघून हिस्ट्री नसलेली गाडी घेण्यापेक्षा, वॉरंटी संपलेली पण दर वर्षाची बिलं असलेली गाडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढची उत्तरंही याच मताला धरून आहेत.

कंपनीची मूळ वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का?

मिळते. ती चॅसिस नंबरशी (गाडीच्या कायमच्या ओळख क्रमांकाशी) जोडलेली असते, मालकाच्या नावाशी नाही. (इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.) वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते. मोजणी पहिल्या मालकाच्या ताब्यात गाडी गेली त्या दिवसापासून होते.

नेमकी मुदत गाडी कधी विकली गेली यावरही ठरते. मारुती सुझुकीची वॉरंटी बरीच वर्षं २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर अशी होती. जुलै २०२४ पासून विकलेल्या गाड्यांना ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. म्हणजे २०२४ च्या जानेवारीत घेतलेली आणि त्याच दिवाळीत घेतलेली, एकाच मॉडेलची गाडी वॉरंटीच्या हिशेबात सारखी नाही. ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलांच्या ३ वर्षांच्या वॉरंटीला किलोमीटरची मर्यादा नसते, त्यामुळे भरपूर पळालेल्या पण वयाने लहान गाडीत तिचा खरा फायदा होतो. विक्रेता तोंडी काय सांगतो ते सोडा. आरसीवरची नोंदणीची तारीख आणि मीटरचा आकडा घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली आहे म्हणतात. ती माझ्या नावावर होईल का?

कंपनीची असेल तर सहसा होते, पण आपोआप होईलच असं नाही. काही कंपन्या आरसीवर नवं नाव आल्यानंतर अर्ज मागतात. तपासायच्या गोष्टी दोन. एक, ही वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की शोरूमने दुसऱ्या कुणामार्फत विकलेली आहे? कागदावर सर्टिफिकेट कुणाच्या नावाने निघालंय ते वाचा. दोन, तिच्या अटीप्रमाणे सगळी सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी आणि ठरलेल्या किलोमीटरच्या आत झालीय का? “फक्त एक सर्व्हिस बाहेर केली” हे वाक्य इथे महागात पडू शकतं.

जुन्या गाड्यांच्या शोरूमवाल्यांची “एक वर्ष वॉरंटी” नक्की काय देते?

मोठ्या अक्षरांत “वॉरंटी” लिहिलेलं असतं आणि ग्राहकाला ती नव्या गाडीसारखी वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांपुरती असते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, बॅटरी, टायर, एसीचा गॅस, रबरी होज हे सगळं “झीज” म्हणून वगळलेलं असतं. सात-आठ वर्षांच्या गाडीत पहिल्या वर्षी खर्च निघतो तो नेमका याच वस्तूंवर.

म्हणून वॉरंटीची पुस्तिका टोकन देण्याआधी मागा आणि घरी नेऊन वाचा. एका क्लेमला आणि एकूण मिळून किती रुपयांची मर्यादा आहे, मजुरी कोण देणार, गाडी त्यांच्याच वर्कशॉपला न्यावी लागते का आणि ते वर्कशॉप तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे बघा. सांगलीत राहणाऱ्याला पुण्यातच मिळणारी वॉरंटी टोइंगच्या खर्चासकट मोजावी लागते. “आधीपासून असलेला दोष” वगळलेला असेल, तर तो आधीपासून होता हे कोण ठरवणार? गाडी उघडण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी लागते, ही अट जवळपास सगळीकडे असते. रस्त्यात बंद पडलेली गाडी घाईने जवळच्या गॅरेजात उघडली की क्लेम गेला.

कंपन्यांच्या स्वतःच्या सर्टिफाइड साखळ्या आहेत. मारुतीची ट्रू व्हॅल्यू २००१ पासून आहे, टोयोटाची यू ट्रस्ट आहे, ह्युंदाईची एच प्रॉमिस आहे. तिथे गाडी त्याच कंपनीची असेल तर हिस्ट्री त्यांच्या संगणकात असते, आणि वॉरंटीपेक्षा मला तो मुद्दा मोठा वाटतो. पण तिथेही सगळ्याच गाड्या सर्टिफाइड नसतात. काही तशाच, विनावॉरंटी विकल्या जातात. दोन्हींतला फरक किंमतपट्टीवर पाहून घ्या.

काही विक्रेते ठरावीक दिवसांत गाडी परत घेण्याचं लेखी देतात. ही सोय वर्षभराच्या वॉरंटीपेक्षा मोलाची आहे. त्या दिवसांत गाडी आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघा, घाट चढवून बघा, एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी करून बघा. परत करताना किती किलोमीटरपर्यंत चालते आणि पैसे कापतात का, हे मात्र आधी विचारा.

सर्व्हिस हिस्ट्री मिळवायची कशी?

त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की देशभरातल्या त्यांच्या वर्कशॉपमधल्या नोंदी निघतात. बऱ्याच ठिकाणी मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो किंवा मालक समोर लागतो. मग मालकालाच सोबत घेऊन जा. खरोखर सांभाळलेल्या गाडीचा मालक यायला सहसा कां-कूं करत नाही.

विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका, त्यात हवे ते आकडे घालता येतात. शिक्के मारलेल्या सर्व्हिस बुकचंही तेच, कारण शिक्का कुठेही बनतो. संगणकातली नोंद स्वतः बघा किंवा काउंटरवर प्रिंट घ्या.

हिस्ट्री हातात आली. ती वाचायची कशी?

इथे घाई करू नका, कारण खरी माहिती यादीत नसून नोंदींमधल्या अंतरात असते. उदाहरणादाखल २०१८ सालच्या एका पेट्रोल हॅचबॅकची यादी घेऊ.

पहिली फ्री सर्व्हिस १,०५० किलोमीटरला. मग ९,८००, मग १९,६००. मार्च २०२० नंतर वीस महिने काहीच नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये २४,४००. पुढच्या वर्षी ३३,०००. मे २०२३ मध्ये ३८,२०० ला बॉडीशॉपचं (पत्रा-रंगकामाच्या विभागाचं) जॉबकार्ड, म्हणजे कामाची नोंद: पुढचा बंपर, बॉनेट, रेडिएटर, एसी कंडेन्सर. त्यानंतर नोंदच नाही. आज मीटर ४६,००० दाखवतंय.

सुरुवातीला गाडी वर्षाला साधारण दहा हजार चालली, वेळेवर सर्व्हिसिंग झालं. मधला खंड कोविडचा, त्यामुळे किलोमीटर कमी असणं पटतं. पण ऑइल वयानेही खराब होतं, म्हणून त्या काळात बाहेर ऑइल बदललं होतं का हे विचारा. आता बॉडीशॉपची नोंद. नुसता बंपर आणि बॉनेट असते तर ट्रॅफिकमधली धडक म्हणता आली असती. रेडिएटर आणि कंडेन्सरही बदलले, म्हणजे मार आतपर्यंत गेला. ही गाडी बघताना बॉनेट उघडून पुढचा क्रॉस मेंबर (रेडिएटरला धरणारी आडवी पट्टी) आणि दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) तपासायचेच. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा: मे २०२३ नंतर गाडी कुठे होती? बाहेरची बिलं दाखवली तर ठीक. नाही दाखवली, तर ४६,००० या आकड्यावर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही.

जॉबकार्डवर ग्राहकाने सांगितलेल्या तक्रारीही लिहिलेल्या असतात. त्या वाचा. “एसी कमी थंड होतो” असं तीन वेळा आलं असेल तर तो दोष मिटलेला नाही. “पहिल्या गिअरला धक्का” हे ऑटोमॅटिक गाडीच्या नोंदीत दिसलं तर टेस्ट ड्राइव्ह लांबलचक घ्या. कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, एअर फिल्टर वेळेवर बदलले गेलेत की दरवेळी नुसतं इंजिन ऑइल आणि वॉशिंग झालंय, हेही तिथेच कळतं.

मालकाने वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलंय. गाडी सोडून द्यावी का?

मुळीच नाही. वॉरंटी संपली की ओळखीच्या मेकॅनिककडे जाणं ही आपल्याकडची रीतच आहे आणि त्यात गैर काही नाही. चांगला मेकॅनिक एकच गाडी वर्षानुवर्षं बघतो, आणि त्याला तिची नस माहीत असते. फक्त बिलं हवीत: तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, सुट्या भागांची नावं. बिलं नसतील तर मालकाला त्या मेकॅनिकचा फोन लावायला सांगा आणि स्वतः बोला. “क्लच कधी बदलला?” यावर दोघांचं उत्तर जुळतं का बघा.

मीटर मागे केलंय हे कसं ओळखायचं?

डिजिटल मीटर आलं म्हणून हा प्रकार थांबला असं समजू नका. पहिली कसोटी हिस्ट्रीच: कुठल्याही जॉबकार्डवरचा आकडा आजच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर विषय संपला, तिथून उठा. हिस्ट्री नसेल तर गाडीच्या अंगावर शोधावं लागतं. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. २०१८ च्या, २५,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला २०२२ चे चारही टायर असतील, तर पहिला संच इतक्या लवकर का गेला हे विचारायलाच हवं. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग, ड्रायव्हर सीटची बसलेली बाजूची कड, हे सगळं मीटरशी जुळलं पाहिजे. पेडलचे रबर आणि स्टिअरिंग कव्हर नवेकोरे दिसले तरी हाच प्रश्न विचारा.

स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला सोबत न्या. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज दुसऱ्या मॉड्यूलमध्येही राहते आणि तिथला आकडा वेगळा निघतो.

अपघात झालेली गाडी हिस्ट्रीत दिसते का?

अधिकृत बॉडीशॉपला दुरुस्त झाली असेल तर दिसते. बाहेर डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर नाही. तिथे विम्याचा कागद मदतीला येतो. आधीच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि त्यावर “नो क्लेम बोनस” किती टक्के आहे ते बघा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे बहुधा क्लेम झालेला आहे. पॉलिसी नव्वद दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तरीही बोनस जातो, आणि बोनस राखणारं जादा कव्हर घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही आकडा टिकतो. त्यामुळे हा धागा धरून विचारपूस करायची, लगेच निकाल द्यायचा नाही.

क्लेम झाला म्हणजे गाडी वाईट असंही नाही. दरवाजा घासला, काच फुटली, याचे क्लेम सगळेच घेतात. पिलर, एप्रन, छत, चॅसिस यांना हात लागलेला असेल तर मात्र किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. ही गाडी घरच्या लोकांना बसवण्यासाठी घेताय.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखू?

आपल्या राज्यात हा प्रश्न खरा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. अशा पुरानंतर विमा कंपन्यांनी टोटल लॉस ठरवलेल्या गाड्या भंगार म्हणून निघतात, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून लांबच्या जिल्ह्यात विकायला येतात.

पुढचा सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत, थांबेल तिथपर्यंत ओढा. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे चिखलाची मळकट रेघ किंवा डाग दिसला तर पाणी तिथवर चढलं होतं. सीट कव्हर बदलणारे बेल्ट बदलत नाहीत. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ बघा, कार्पेटची कड उचलून वास घ्या. हिस्ट्रीत पुराच्या लगेच नंतरच्या महिन्यांत वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा संगणक), सीट, कार्पेट अशी कामं एकत्र दिसली तर दुसरा पुरावा नको. अशा गाडीत बिघाड वायरिंगच्या सांध्यांतून दोन-तीन वर्षांनीही वर येतात, आणि कुठलीही वॉरंटी पाण्याचं नुकसान धरत नाही.

किनाऱ्यालगत वापरलेली गाडी, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा पासिंगची, असेल तर खालून बघा. खारी हवा पत्रा आतून खाते.

जुनी डिझेल घ्यावी का?

मारुतीची डिझेल शोधत असाल तर लक्षात घ्या: बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले तेव्हा, एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल बंद केलं. स्विफ्ट-डिझायरमधलं प्रसिद्ध १.३ लिटर मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. ते आपल्या रांजणगावलाही बनत असे आणि टाटाच्या गाड्यांतही बसलं. इंजिन टिकाऊ आहे, भाग आणि मेकॅनिक सगळीकडे मिळतात, पण मूळ वॉरंटीचा विषय तिथे केव्हाच संपलाय. पूर्ण भिस्त हिस्ट्रीवर. त्यात टर्बो, इंजेक्टर, टायमिंग चेन यांची कामं कधी झाली ते शोधा.

बीएस ६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. रोज शहरात चार-पाच किलोमीटरच चालणारी गाडी तो तुंबवते, आणि तो दोष वापरातून आलेला धरून वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता मोठी. तुमचा वापर लांबचा नसेल तर पेट्रोलच घ्या.

सीएनजी असेल तर वेगळं काय बघायचं?

कंपनीने बसवलेली की बाहेरून बसवलेली, हे आधी. बाहेरून किट बसवलं की इंजिनाची मूळ वॉरंटी सहसा जाते. आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवीच, नाहीतर अपघातानंतर विम्याच्या क्लेमला अडचण येते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तिचं सर्टिफिकेट मागा.

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची वॉरंटी माझ्याकडे येते का?

इथे कंपनीगणिक फरक आहे आणि तो मोठा आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला बॅटरीसाठी ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी होती. म्हणजे पहिल्या गाड्यांची मुदत २०२८ पर्यंत. एमजी विंडसरला पहिल्या मालकासाठी बॅटरीची आजीवन वॉरंटी आहे, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर होते. जाहिरातीतला “आजीवन” शब्द पाहून दुसऱ्या मालकाने किंमत देऊ नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची क्षमता किती टक्के उरलीय याचा रिपोर्ट काढून घ्या. तो मिळाल्याशिवाय जुनी ईव्ही घेऊच नका.

रिकॉलचं काम बाकी आहे का, हे कुठे कळेल?

सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन विचारा, कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही बघता येतं. रिकॉलचं काम, म्हणजे कंपनीने सदोष भाग दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं, फुकट असतं आणि मालक बदलला तरी सहसा करून मिळतं. जुन्या गाड्यांत ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलायचं काम राहिलेलं असू शकतं. ते आधी करून घ्या, त्यात जिवाचा प्रश्न आहे.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय. घ्यावी का?

स्वस्ताईमागे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी अडचणीत आली, म्हणून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच नंबर हा सगळा खर्च आणि वेळ धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते. आणि मालक हजार-दीड हजार किलोमीटर लांब असल्याने हिस्ट्रीसाठी त्याला सर्व्हिस सेंटरला कसं नेणार?

वॉरंटी असलेल्या गाडीसाठी किती जास्त मोजायचे?

त्याच गाडीला कंपनी एक्स्टेंडेड वॉरंटी देत असेल तर ती आज केवढ्याला मिळते, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. साधारण तीच तुमची मर्यादा. विक्रेता वॉरंटीच्या नावाखाली बाजारापेक्षा चाळीस-पन्नास हजार जास्त मागत असेल आणि वॉरंटी इंजिन-गिअरबॉक्सपुरतीच असेल, तर ते पैसे स्वतःच्या खात्यात दुरुस्तीसाठी ठेवलेले बरे. उलट, पूर्ण हिस्ट्री असलेल्या गाडीला थोडे जास्त द्यायला कचरू नका.

किंमत ठरवताना नव्या गाडीची आजची ऑन रोड किंमत समोर ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधीच्या किमती डोक्यात धरून विकणारे अजूनही भेटतात. डीलर जीएसटीचा उल्लेख करेल तर माहीत असू द्या: जुन्या गाडीवर १८ टक्के कर डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. घरगुती विक्रीत तो लागतच नाही.

इसार देताना काय लिहून घ्यावं?

गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, मीटरचा आकडा, ठरलेली किंमत, दोन्ही चाव्या, आणि एक ओळ: “मेकॅनिकच्या तपासणीत किंवा सर्व्हिस हिस्ट्रीत अपघात, पूर किंवा मीटरचा फेरफार आढळल्यास इसार पूर्ण परत.” ही ओळ लिहायला विक्रेता तयार नसेल तर इसार देऊ नका. वॉरंटीत तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट, अगदी “क्लच आम्ही बघू” हेसुद्धा, याच कागदावर यायला हवं.

नावावर करताना काय काळजी घ्यावी?

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायचा. एमपरिवहन अ‍ॅपवर बोजा, विमा, पीयूसी दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. टॅक्सीची पिवळी पाटी काढून खासगी केलेली गाडी आहे का, हेही आरटीओच्या नोंदीत कळतं. अशा गाडीचे किलोमीटर दुप्पट सावधपणे बघा.

विकणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. डीलरकडे गाडी सोडत असाल तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे आरटीओने अधिकृत केलेल्या डीलरने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर व्हायला हवी. ती झालेली बघूनच चावी द्या.

विक्रेता म्हणतो विमा चालू आहे. मग मला काही करायचं नाही ना?

करायचं आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाड्यांना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा मिळतो. त्यामुळे अ‍ॅपवर तारीख पुढची दिसते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर वर्षापूर्वीच संपलेलं असू शकतं. पॉलिसी उघडून दोन्ही तारखा बघा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकासोबत जातो, म्हणून त्याचा फरक तुम्हाला भरावा लागेल.

नंतर मोठा दोष निघाला तर दाद कुठे मागायची?

डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तोडगा निघाला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. जाहिरात, चॅट, वॉरंटीची पुस्तिका, इसाराचा कागद सगळं जपा. घरगुती विक्रेता व्यापारी नसतो, त्यामुळे तिथे हा मार्ग बहुधा चालत नाही. लेखी फसवणूक असेल तर पोलीस किंवा दिवाणी दावा, आणि त्यात वर्षं जातात. घरगुती व्यवहारात म्हणूनच सगळी तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी.

गाडी घरी आली. आता पहिल्या आठवड्यात काय?

आधीचं सर्व्हिसिंग कितीही ताजं असलं तरी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदा बदलून घ्या आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्या. वॉरंटी उरली असेल तर हे काम अधिकृत ठिकाणीच करा, आणि त्याच वेळी संगणकात तुमचं नाव आणि मोबाइल नंबर चढवून घ्या. तो बदलला नाही तर पुढच्या सर्व्हिसची आठवण आणि ओटीपी दोन्ही जुन्या मालकाच्या फोनवर जात राहतात.